आमच्याकडे कुणाला काही नाही

"घरच्यांना आजार विचारत बसू नकोस गं. विचारलं की बरी होतात माणसं," असं मंदाकाकू मला म्हणाल्या होत्या, आणि मी ते नेहमीच्या खवचटपणात जमा करून सोडून दिलं होतं.

मंदाकाकू म्हणजे आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या निवृत्त शिक्षिका. सगळं आयुष्य शनिवार पेठेत काढून उतारवयात त्या आमच्या धनकवडीच्या बिल्डिंगमध्ये आल्या आणि येताना सामानाबरोबर बोलणंही तिथलंच घेऊन आल्या. त्यांनी "छान दिसतेस" म्हटलं की आपण निमूट घरात जाऊन आरसा बघावा. शिवाय मी बी.एस्सी. आहे, मायक्रोबायॉलॉजी. माणसाला नीट प्रश्न विचारला की माणूस नीट उत्तर देतो, एवढी तरी माझी विज्ञानावर श्रद्धा होती.

प्रकरण सुरू झालं लेकीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात. तिथे भिंतीवर कागद लावलेला: लहान मुलं आणि त्यांच्या कुटुंबांच्या तब्येतीचा एक मोठा अभ्यास चालू आहे, भाग घ्या, तपासण्या मोफत. त्यातलं 'मोफत' माझ्या नवऱ्यानं, अभयनं वाचलं आणि 'तपासण्या' मी. लेक तेव्हा रात्री उठून पाणी मागत होती, आणि रात्री पाणी मागणाऱ्या चार वर्षांच्या मुलांबद्दल इंटरनेटवर काय काय लिहिलेलं आहे ते ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी कृपा करून वाचू नये. (तिला पाणी नको होतं. तिला नवी बाटली उघडबंद करायची होती. पण हे नंतर कळलं.)

खरी काळजी मला सासऱ्यांची होती. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. सकाळी दूध घेऊन येताना बाबा दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबायला लागले होते. विचारलं की म्हणायचे, "नोटीस वाचत होतो." तिथे सोसायटीची नोटीस आहे हे खरं, पण ती गेल्या वर्षी टाकी धुतली त्याची आहे. पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला माणूस एकच नोटीस रोज वाचतो, तेव्हा एकतर त्याला नोकरीची आठवण येत असते, नाहीतर दम लागत असतो. डॉक्टरकडे चला म्हटलं की ते पेपर वर करायचे. तेव्हा ठरवलं, अभ्यासाच्या प्रश्नांआडून त्यांना बोलतं करायचं आणि एकदा कबूल झाले की रिक्षात घालायचं. डाव चांगला होता. माणसं आमची होती, एवढीच अडचण.

प्रश्न साधे होते. घरात कुणाला मधुमेह, रक्तदाब, हृदयाचा आजार? वडिलांकडून? आईकडून? कोण कशानं गेलं, कोणत्या वयात? एका रविवारी सगळे विहारातून वंदना करून आले, जेवणं झाली, मंडळी सुस्तावली, तेव्हा मी हळूच विषय काढला. सासूबाई, म्हणजे आई, शेंगा निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "लिही. आमच्याकडे कुणाला काही नाही."

आमच्या घरांमध्ये आजार नसतो, आजाराचं माप असतं. शुगर "थोडीशी" असते. बीपी "किंचित" असतं. माझी एक मावशी गेली कित्येक वर्षं "बॉर्डरला" आहे. सैन्यातल्या माणसाची सुद्धा इतक्या काळात बदली होते. आणि थोडीशी, किंचित, बॉर्डरला हे सगळं मिळून जे होतं त्याला "काही नाही" म्हणतात. गेलेल्या माणसांचंही तसंच. आजोबा वयानं गेले. आजी झोपेत गेली. बाबांचे थोरले भाऊ सर्जेरावकाका पन्नाशीच्या आत गेले, त्यांना ना वय लागू पडत होतं ना झोप, म्हणून ते टेन्शननं गेले होते.

मी विचारलं, कसलं टेन्शन?

"होतं काहीतरी," बाबा पंख्याकडे बघत म्हणाले, आणि पंखाही बिचारा ओशाळल्यासारखा हळू झाला.

या सगळ्या आरोग्याचं कारण आतल्या खोलीत मोबाइल बघत पडलं होतं. माझी नणंद निकिता बँकेत अधिकारी आहे आणि तिचं लग्न ठरत आलं होतं. मुलगा पिंपरीचा, इंजिनिअर, परिचय मेळाव्यात भेटलेला; दोघांचं छान जमलं होतं, फक्त मोठ्यांचा होकार यायचा होता. आता आमच्यात पत्रिका बघत नाहीत. ते दुकान आमच्या आजोबांच्या पिढीनं छप्पन साली बंद केलं आणि त्याचा मला अभिमान आहे. पण माणसाला चौकशीची भूक असतेच, ती ग्रहांवर भागली नाही की शिक्षण, नोकरी आणि तब्येतीवर भागते. इतरांच्यात मंगळ आडवा येतो, आमच्यात शुगर. तेव्हा निकितासाठी तिकडून होकार येईपर्यंत घरात कुणालाही काहीही असणं आईंना मंजूर नव्हतं.

माहेरी फोन केला. मम्मी म्हणाली, "आपल्याकडे? आपल्याकडे कुणाला काही नाही. तुझ्या सासरचं बघ नीट, तिकडचं येईल पोरीत."

मी सगळीकडे 'नाही' लिहून दिलं. दोन्ही घराण्यांत मिळून मरणाचं एकच कारण उरलं: टेन्शन. मंदाकाकूंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग अमरपट्टाही मिळाला असेल. लॅमिनेट करून घ्या."

पुढच्याच आठवड्यात अभ्यासाच्या ऑफिसातून सुरुची नावाच्या मुलीचा फोन आला. आवाज गोड, बातमी वाईट. त्यांचा कॉम्प्युटर 'टेन्शन' हे मृत्यूचं कारण म्हणून घेत नव्हता. 'इतर' मध्ये टाका म्हटलं, तर 'इतर'ला स्पष्टीकरण लागत होतं, आणि स्पष्टीकरणात 'होतं काहीतरी' लिहिलं तर ते वरच्या साहेबांकडून परत येत होतं. ते असो, खरं काम वेगळंच होतं. लोक आपल्या कुटुंबाच्या आजारांबद्दल जे सांगतात त्यावर विश्वास कितपत ठेवायचा, हे त्यांना तपासायचं होतं. त्यासाठी काही घरं निवडली होती. तिथल्या नातेवाइकांना तेच प्रश्न समक्ष विचारायचे होते.

"आमचंच घर का?" मी विचारलं. आवाजात थोडी दुखावलेली धार आली असेल.

"नाही मॅडम, ॲक्चुअली निवड कॉम्प्युटर करतो," ती म्हणाली. म्हणजे यंत्राला सुद्धा संशय आला होता.

तिच्या दोन अटी होत्या. प्रश्न विचारताना मी खोलीत थांबायचं नाही. आणि घरच्यांना आधी काही सांगायचं नाही, कारण सांगितलं की माणसं आपापसांत उत्तरं ठरवून टाकतात. नियम म्हणजे नियम. मी घरी एवढंच म्हणाले, की बुधवारी दुपारी एक मुलगी येणार आहे, घरच्यांबद्दल थोडं विचारेल, खरं ते सांगा.

आता तुम्हीच सांगा. ज्या घरात मुलीचं लग्न ठरत आलंय, त्या घरी एक अनोळखी, टापटीप मुलगी खांद्याला पिशवी लावून येणार आणि कुणाला काय आजार आहेत ते विचारणार. ती कोण असेल? मला हे सुचलं नाही. घरात बाकी सगळ्यांना सुचलं. मुलाकडच्यांनी गुपचूप चौकशीला माणूस पाठवलाय आणि अक्षताला, म्हणजे मला, ते उघड बोलता येत नाहीये, असं आईंनी मनाशी पक्कं केलं, आणि माझ्या समजूतदारपणाचं त्यांना कौतुकही वाटलं. निकिता आणि अभय ऑफिसला गेलेले, त्यामुळे शंका काढायला कुणी नव्हतं.

बुधवारी आईंनी इरकल नेसली. मला वाटलं कुठे जायचं असेल. कात्रजहून बाबांची बहीण, चंद्रभागाआत्या, सकाळीच येऊन दाखल झाल्या. त्या आल्या तर घरात आनंदच असतो म्हणून मी काही विचारलं नाही. पोह्यांवर ओलं खोबरं पडलं. फ्रिजवर नेहमी असणारी औषधांची टोपली गायब होती आणि तिथे सफरचंदं होती.

सुरुची आली तीच अर्धा तास उशिरा. जिन्यात मंदाकाकूंनी तिला धरलं होतं. आईंनी त्यांना विश्वासात घेतलेलं, आणि त्यांनीही उभ्या आयुष्यात कुणाला दिलं नसेल असं प्रशस्तिपत्रक आमच्या घराला दिलं होतं. आमच्या घरातून खोकल्याचाही आवाज कधी येत नाही, असं त्यांनी तिला सांगितलं. मला तर त्या रोज सांगतात की तुमच्या मिक्सरचा येतो.

मी अटीप्रमाणे लेकीला घेऊन आत गेले आणि दाराला कान लावला. दाराला कान लावू नये अशी अट नव्हती.

बाहेर जे चाललं होतं ते ऐकून मी थक्क झाले. आत्या सांगत होत्या की त्यांच्या माहेरी नव्वदीच्या आत कुणी जातच नाही. सर्जेरावकाकांचं नाव निघालं तेव्हा त्यांनी पोह्यांची दुसरी बशी पुढे केली. आईंनी तर निकिताला लहानपणी गोवर सुद्धा आला नाही असं सांगितलं, जे कुणी विचारलंच नव्हतं. सुरुची गोंधळून पुन:पुन्हा म्हणत होती की मला मुलीबद्दल नाही, मोठ्यांबद्दल हवंय, आणि आई म्हणत होत्या की हो, घराणंच बघावं माणसानं.

मग तिनं तिच्या यादीतला पुढचा प्रश्न बाबांना विचारला. जिना चढताना दम लागतो का?

मी दाराला आणखी चिकटले. या एका प्रश्नासाठी मी हा सगळा खटाटोप केला होता. म्हणा बाबा, लागतो म्हणा.

"सांगत काय बसायचं," बाबांचा आवाज आला. "दाखवतो."

आणि ते निघाले. खाली गिरणीतून दळणाचा डबा आलेला होता, तो घेऊनच येतो म्हणाले. आत्यांनी अभिमानानं सांगितलं की दादा तरुणपणी कुस्ती खेळायचा. (तो कॅरम खेळायचा.) मी आत उभी, हात दाराच्या कडीवर. बाहेर गेले तर अभ्यास बिघडतो, नाही गेले तर... पावलं खाली गेलेली ऐकू आली. पावलं वर येताना ऐकू आली. पहिला मजला. मग दुसरा. मग काहीच नाही.

अभ्यास गेला उडत. मी धावत जिन्यात गेले. बाबा दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पायरीवर बसले होते, मांडीवर डबा. शर्ट भिजून अंगाला चिकटलेला. चेहरा त्या डब्यातल्या पिठासारखा. माझ्याकडे बघून त्यांनी भिंतीकडे बोट केलं. नोटीस वाचत होते, एवढंही म्हणायला त्यांच्यात जोर नव्हता.

माझ्यामागून सुरुची आली, तिनं एक नजर टाकली आणि म्हणाली, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटल. तिच्यामागून इरकल सावरत आई. बाबांचा हात हातात घेतला, दुसऱ्या हातानं सुरुचीचा धरला आणि रडवेल्या आवाजात म्हणाल्या, "पोरी, पाया पडते, एवढं मुलाकडच्यांना सांगू नकोस."

"कुठल्या मुलाकडच्यांना?" सुरुची म्हणाली.

यावर जे घडलं ते सांगत नाही, कारण वेळही नव्हता. मंदाकाकूंनी स्वतः खाली जाऊन रिक्षा अडवली. जवळचं भाडं नको म्हणणाऱ्या त्या रिक्षावाल्याला त्या जे बोलल्या, त्यानंतर तो हॉस्पिटलपर्यंत एकदाही हॉर्न न वाजवता गेला. मी, आई आणि मधे बाबा. मागच्या रिक्षात आत्या आणि सुरुची. लेकीला मंदाकाकूंनी ठेवून घेतलं.

कॅज्युअल्टीत तरुण डॉक्टर होता. बाबांच्या छातीला वायरी लावता लावता त्यानं विचारलं, घरात कुणाला हार्टचा त्रास होता का? वडील, भाऊ?

बाबा डोळे मिटून पडले होते. अंगात त्राण नव्हतं, ओठ सुकलेले. त्या ओठांतून सवयीनं आलं, "आमच्याकडे कुणाला काही..."

"होता," आई म्हणाल्या.

इतका सरळ आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "यांचे थोरले भाऊ. स्वारगेटला एसटीच्या रांगेत उभे होते, छातीत कळ आली, तिथेच गेले. सासरेही तसेच. शेतात."

"वहिनी," आत्या मागून म्हणाल्या.

"किती दिवस लपवायचं चंद्रा? तुझं लग्न होऊन पोरं नोकरीला लागली."

तेव्हा कळलं. सर्जेरावकाका गेले त्या वर्षी चंद्रभागाआत्यांचं लग्न ठरत होतं. लग्न होईपर्यंत म्हणून सगळ्यांनी टेन्शन म्हणायचं ठरवलं. लग्न झालं, पण ठरलेलं कुणी मोडलं नाही, आणि म्हणत म्हणत ते इतकं खरं झालं की ज्याच्या सख्ख्या भावाचं हृदय तसं होतं, तो माणूस स्वतःच्या छातीतल्या कळेला वर्षभर नोटीस म्हणत होता. डॉक्टरनं मात्र ते ऐकलं आणि त्याचे हात एकदम भराभर चालायला लागले. कुणाला तरी फोन केला. संध्याकाळपर्यंत स्टेंट बसला. वेळेत आणलंत, असं मोठे डॉक्टर म्हणाले, आणि आई बाकावर बसून पहिल्यांदा रडल्या.

अभय हिंजवडीहून ट्रॅफिक चिरत पोचला तेव्हा धोका टळलेला होता, आणि धोका टळला की आमची माणसं बोलतात. आईंनी एकदा बांध फोडलाच होता. बाकावर ओळीनं बसून प्रत्येकानं दुसऱ्याचं सांगायला सुरुवात केली. आईंनी आत्यांची शुगर सांगितली. आत्यांनी अभयचं फॅटी लिव्हर सांगितलं, जे मला ठाऊक नव्हतं. मी त्याच्याकडे बघितलं, त्यानं त्या रविवारी बाबा बघत होते तसा वर पंखा शोधला, पण हॉस्पिटलला एसी होता. फोनवर मम्मीनं बाबांची विचारपूस करता करता पप्पांचं बीपी सांगून टाकलं. मी सात्त्विक संतापानं म्हणाले की निदान माझ्यापासून तरी लपवायला नको होतं.

"तुझं थायरॉइड आहे ना लग्नाआधीपासून," आई शांतपणे म्हणाल्या. "गोळ्या साबुदाण्याच्या बरणीमागे ठेवतेस. दमट होतात तिथे. मी मधून मधून ऊन दाखवते."

सुरुची शेजारी बसून हे सगळं डोळे विस्फारून ऐकत होती. शेवटी तिनं चाचरत विचारलं, "हे लिहून घेऊ का?"

मुलाकडची मंडळी दोन दिवसांनी फळं घेऊन भेटायला आली. आई धास्तावल्या होत्या. मुलाच्या वडिलांनी बाबांचा हात दाबून धीर दिला आणि मोठेपणानं म्हणाले, काळजी करू नका, आमच्याकडे मात्र कुणाला काही नाही. मग चहा आला, तर बिनसाखरेचा आहे ना असं त्यांनी हळूच विचारलं. निकितानं कपाकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं आणि विचारलं, "काका, उपाशीपोटी किती येते?"

काकांचा चेहरा लाल झाला, आणि मग माणूस मोकळा हसला. म्हणाले, जमेल आपलं. जमलं. मंगल परिणय पुढच्या महिन्यात आहे, आणि दोन्ही घरी बिनसाखरेचं काय ठेवायचं यावर याद्या चालल्या आहेत.

बाबा आता हळूहळू जिना चढतात. वळणावर थांबतात आणि उघडपणे म्हणतात, "दम लागला." मंदाकाकू दारातून म्हणतात, "घ्या, घ्या. नोटीस आता नवी लागलीय, वाचूनही होईल."

परवा सुरुची पुन्हा आली होती, कागद पुरे करायला. पोहे खाता खाता म्हणाली, "मॅडम, तुमच्याकडे एक गंमत झाली. स्वतःबद्दल कुणीच खरं सांगितलं नाही, पण दुसऱ्याबद्दल प्रत्येकानं बरोबर सांगितलं. तपासून बघितलं आम्ही. एकाचं दुसऱ्याला जोडलं की सगळं घर दिसतं." मग म्हणाली, "फक्त तुमच्या सासूबाईंबद्दल, शालनताईंबद्दल, कुणीच काही सांगितलं नाही."

"आईला काही नाहीये," अभय म्हणाला.

ते वाक्य त्यानं उच्चारलं आणि आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. निकिताला विचारलं, आई डॉक्टरकडे शेवटच्या कधी गेल्या? तिला आठवला तो तिचा स्वतःचा जन्म. बाबांनी खूप विचार केला आणि कबूल केलं की माहीत नाही. आम्ही वळून बघितलं, तर आई स्वयंपाकघरात बाबांच्या रात्रीच्या गोळ्या वाटीत काढत होत्या.

बाबांसाठी आणलेलं बीपीचं मशीन मी त्यांच्या हाताला लावलं. जो आकडा आला तो बघून मी पुन्हा लावलं. पुन्हा तोच. आई म्हणाल्या, मशीन बिघडलंय. मग त्यांनीच ते बाबांना लावलं, अभयला लावलं, मला लावलं. सगळ्यांचं व्यवस्थित आलं. त्यावर त्या म्हणाल्या की म्हणजे माझ्या हाताला ते चालत नाही. आता त्यांनाही गोळी चालू आहे. किंचित आहे म्हणतात.

म्हणून एक विनंती. तुमच्याही घरात असं कुणी असेल, जिला सगळ्यांच्या गोळ्यांच्या वेळा पाठ आहेत, कुणाला मीठ कमी, कुणाला भात नको हे न सांगता कळतं, आणि जिच्याबद्दल असं काही तुम्हाला विचारलं तर तुम्हाला सांगता यायचं नाही. आत्ता बहुतेक ओट्यापाशी उभी असेल. हे खाली ठेवा आणि जाऊन तिचं बीपी बघून या. आधी गॅस बंद करा, नाहीतर मशीनचा पट्टा काढून ती उठून जाईल.